संधी तुमची, बिलही तुमचंच

नोकरी देण्याआधी पैसे मागणारी कंपनी बोगस असते, हे आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. 'रजिस्ट्रेशन फी भरा, ऑफर लेटर मिळेल' असा मेसेज आला की आपण नंबर ब्लॉक करतो आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून बाकीच्यांनाही सावध करतो. आमच्या कॉलेजात कॅम्पस प्लेसमेंटला येऊन कुणी म्हटलं असतं, 'मुलाखतीला बसायचे सहा हजार, खुर्ची-टेबल घरून आणायचं आणि महिना भरला की पगाराऐवजी स्मृतिचिन्ह', तर पोरांनी त्याला गेटबाहेर सोडून येईपर्यंत श्वास घेतला नसता.

चित्रकलेत याच व्यवहाराला 'संधी' म्हणतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, हिंजवडीत. माझा स्वतःचा चित्रकलेशी संबंध एलिमेंटरी-इंटरमिजिएटपुरता. पण माझी धाकटी बहीण चित्रकार आहे. कोल्हापुरात शिकली, जी.डी. आर्ट झाली, तिथेच राहून काम करते. गेल्या वर्षी तिने मला सांगितलं, "दादा, मला रोज एवढे मेसेज येतात, त्यातलं कशात भाग घ्यायचा ते जरा लावून दे." मी सवयीप्रमाणे शीट केली. रकाने असे: काय आहे, कुठे आहे, शेवटची तारीख, निवड कोण करणार, पैसे कोण कुणाला देणार. शेवटच्या रकान्यात निवडीसाठी चार-पाच पर्याय ठेवले होते. दोन-तीन आठवड्यांत कळलं की पर्यायांची गरज नव्हती. जवळजवळ प्रत्येक ओळीत उत्तर एकच होतं: कलाकार देणार, आयोजक घेणार.

हा लेख त्या रकान्याबद्दल आहे. माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडे तरुण चित्रकारांसाठी संधी कमी आहेत, ही तक्रार अर्धवट आहे. संधी भरपूर आहेत. रोज नवीन निघतात. अडचण ही आहे की त्यातल्या बहुतेकांचं बिल कलाकाराच्याच नावावर फाटतं आणि त्याला आपण सगळे मिळून 'प्रोत्साहन' म्हणतो.

गिऱ्हाईक कोण?

या संधींचे ढोबळ तीन प्रकार पडतात.

पहिला, ऑनलाइन स्पर्धा. नावात 'राष्ट्रीय' किंवा 'आंतरराष्ट्रीय' असतंच. चित्राचा फोटो पाठवा, क्यूआर कोडवर प्रवेश शुल्क भरा, ई-सर्टिफिकेट मिळवा. प्रत्येक सहभागीला सर्टिफिकेट, बऱ्याच जणांना 'उत्कृष्ट', थोड्या जणांना 'सर्वोत्कृष्ट'. ट्रॉफी हवी असेल तर कुरिअरचे वेगळे. परीक्षक कोण, निकष काय, विचारलं की 'नामवंत परीक्षक' एवढं उत्तर येतं.

दुसरा, समूह प्रदर्शन. मोठ्या शहरातल्या एखाद्या दालनाची चार-सहा दिवसांची तारीख आयोजकाच्या हातात असते. तो भिंत फुटांवर किंवा चित्रांच्या संख्येवर वाटतो आणि त्याचं 'सहभाग शुल्क' घेतो. बहिणीने अशा एका प्रदर्शनात दोन चित्रं लावली. हिशेब तिच्या वहीत आहे: सहभाग शुल्क ६,०००, दोन फ्रेम ४,४००, पॅकिंग आणि ट्रॅव्हल्सचं लगेज १,२००, तिचं जाणं-येणं आणि राहणं ३,५००. एकूण १५,१००. विक्री शून्य. मिळालं काय, तर उद्घाटनाला पाहुण्यांच्या हस्ते ट्रॉफी, फोल्डरमध्ये छापलेलं एक चित्र (त्यातही नावाची वेलांटी चुकलेली) आणि एक ग्रुप फोटो.

तिसरा प्रकार फुकट कामाचा. त्याकडे नंतर येतो.

दुसऱ्या प्रकाराचं गणित जरा उलट बाजूने करून बघा. समजा, तीस कलाकार आहेत आणि प्रत्येकाने सहा हजार भरले. झाले १ लाख ८० हजार. हे पैसे प्रदर्शनाचं दार उघडण्याआधी जमा झालेले असतात. दालनाचं भाडं, छपाई, उद्घाटनाचा चहा-समोसा यातून सुटतो आणि वर काही उरतं. आता मला सांगा, या आयोजकाने चित्रं विकली जावीत म्हणून धडपड का करावी? खरेदीदारांना फोन का करावेत? इंटेरिअर डिझायनरला, आर्किटेक्टला, कंपन्यांच्या लोकांना का बोलवावं? चित्र विकलं काय, न विकलं काय, त्याचा धंदा आधीच झाला आहे.

फुकट अ‍ॅपबद्दल आमच्या क्षेत्रात एक बोलणं आहे: पैसे कोण देतो ते बघा, गिऱ्हाईक तोच. या प्रदर्शनांचं गिऱ्हाईक चित्र बघायला येणारा माणूस नाही, विकत घेणारा तर नाहीच. गिऱ्हाईक चित्रकार आहे. त्याला विकला जाणारा माल म्हणजे 'मुंबईत प्रदर्शन झालं' हे एक वाक्य. म्हणून दालनात दुपारी गेलात तर चित्रकारच एकमेकांची चित्रं बघत बसलेले दिसतात. बाहेरचा माणूस आणणं ही कुणाची जबाबदारीच नसते.

खासगी गॅलऱ्या विक्रीवर तीस ते पन्नास टक्के कमिशन घेतात म्हणून चित्रकार त्यांच्या नावाने बोटं मोडतात. मोडावीत. पण त्या व्यवहारात निदान एक शिस्त आहे: चित्र विकलं तरच गॅलरीला पैसे मिळतात, म्हणून गॅलरी विकायला उठते. आधीच पैसे घेणाऱ्याला उठायचं कारण नाही.

इथे एक फरक नीट केला पाहिजे, नाहीतर चांगल्यांवरही चिखल उडेल. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे. तिच्या वार्षिक प्रदर्शनात १९३७ साली अमृता शेर-गिलला सुवर्णपदक मिळालं होतं. अशा जुन्या संस्था, कला संचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन, शहरोशहरीची छोटी कला मंडळं यांच्याकडे निवड असते, नकार असतो, परीक्षकांची नावं असतात, बक्षिसं असतात. सभासदांनी वर्गणी काढून चालवलेली संस्था आणि पावती फाडणारी संस्था एक नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे: जिथे नकार मिळू शकतो, तिथल्या निवडीला अर्थ आहे. ज्या स्पर्धेत पैसे भरलेला एकही माणूस मागे राहत नाही, ती स्पर्धा नाही, दुकान आहे.

नाश्ता आम्ही देऊ

आता तिसरा प्रकार. यात कलाकाराकडून रोख पैसे घेत नाहीत, काम घेतात.

स्वच्छ सर्वेक्षण सुरू झाल्यापासून शहरांच्या भिंती रंगवायची लाट आली. भिंती रंगल्या, बरं झालं. पण त्या कशा रंगल्या ते बघा. ठिकठिकाणी 'भित्तिचित्र स्पर्धा' निघतात. कला महाविद्यालयाची मुलं रविवारी उन्हात दिवसभर उभी राहतात. रंग आयोजक देतात, नाश्ता आयोजक देतात, टोपी आणि टी-शर्टही देतात. तीन बक्षिसं वाटली जातात आणि पन्नास भिंती रंगून मिळतात. तीच भिंत नुसत्या डिस्टेंपरने रंगवायला पेंटर बोलावला तर तो आधी चौरस फुटाचा भाव सांगतो. त्याला कुणी 'तुला एक्स्पोजर मिळेल' म्हणत नाही. कारण तो शिडी उचलून घरी जाईल.

कार्यक्रमांत तर हे जास्त ठसठशीत दिसतं. एखाद्या कला महोत्सवाचं आठवून बघा. मांडववाल्याला पैसे मिळतात. साउंडवाल्याला मिळतात, तेही अर्धे आधी. फुलवाला, केटरर, जनरेटरवाला, फ्लेक्स छापणारा, निवेदक, सगळ्यांना मिळतात. ज्याचं नाव पोस्टरवर आहे आणि जो लोकांसमोर तासभर प्रात्यक्षिक करतो, त्या चित्रकाराला शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह. शाल दुकानदाराकडून विकतच आणलेली असते. म्हणजे त्या शालीचे पैसे दुकानदाराला मिळाले, विणकराला काही मिळाले, फक्त जिच्या खांद्यावर ती पडली तिला मिळाले नाहीत.

लोगो स्पर्धा हा याच प्रकाराचा शहाणा अवतार. २००९ साली रुपयाचं चिन्ह निवडण्यासाठी देशभर स्पर्धा जाहीर झाली. ३ हजारांवर प्रवेशिका आल्या. निवडलेल्या डिझाइनला, म्हणजे डी. उदय कुमार यांना, अडीच लाख रुपये मिळाले. चिन्ह उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाचा गांधीजींच्या चष्म्याचा लोगोही स्पर्धेतूनच आला. तो केला कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी, बक्षीस ५० हजार. तुमच्या खिशातली कुठलीही नवी नोट काढून मागची बाजू बघा, तो चष्मा तिथे आहे. कोल्हापूरकर म्हणून मला त्याचा अभिमान आहे. पण देशातल्या प्रत्येक नोटेवर, भिंतीवर, कचऱ्याच्या गाडीवर छापल्या जाणाऱ्या चिन्हाची किंमत ५० हजार, आणि बाकीच्या सगळ्या स्पर्धकांच्या कामाची किंमत शून्य, हा हिशेब डोळ्यांत भरतो.

एवढ्या मोठ्या राष्ट्रीय चिन्हासाठी खुली स्पर्धा एकवेळ समजू शकते. ती सगळ्यांची गोष्ट आहे. पण आता पतसंस्थेपासून सोसायटीच्या गणेश मंडळापर्यंत प्रत्येकाला लोगो स्पर्धेतून हवा असतो. वकिलांची स्पर्धा घेऊन, ज्याचा युक्तिवाद आवडला त्यालाच फी, असं कुणी करत नाही. मला जर क्लाएंट म्हणाला, 'वीस इंजिनिअरकडून पूर्ण अ‍ॅप बनवून घेतो, आवडेल त्याला पैसे देतो', तर माझा मॅनेजर ती मीटिंग तिथेच संपवेल.

'मराठी माणूस चित्र विकत घेत नाही'

हे सगळं मी बोलायला लागलो की समोरून ठरलेलं उत्तर येतं: अरे, आपल्याकडे चित्र विकत घेतो कोण? म्हणून तर कलाकारालाच खर्च उचलावा लागतो.

हे उत्तर खोटं आहे. आणि ते खोटं असल्याचा पुरावा दर भाद्रपदात घराघरांत बसतो.

गणपतीची मूर्ती ही शिल्पकृती आहे. मराठी घर ती दरवर्षी विकत घेतं. पेणमध्ये हे काम वर्षभर चालतं. आमच्या कोल्हापुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, बापट कॅम्पात लोक महिनाभर आधी जाऊन मूर्ती पसंत करतात, उंची सांगतात, डोळे कसे हवेत ते सांगतात, आगाऊ पैसे देऊन पावती घेतात. दीड दिवसाने पाण्यात जाणार आहे हे माहीत असलेल्या वस्तूसाठी! आणि मूर्तिकाराला आजवर कुणी म्हणालं नाही, 'यंदा मूर्ती फुकट द्या, आमच्याकडे आरतीला दोनशे माणसं येतात, तुमचं नाव होईल.'

थोडं मागे जा. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावात छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ओलिओग्राफ लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या, त्या कुणी वाटल्या नव्हत्या, लोकांनी विकत घेतल्या. कोल्हापुरात बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी संगीत नाटकांचे पडदे रंगवायचे आणि नाटक कंपन्या त्या कामाचे पैसे मोजायच्या. आबालाल रहमान शाहू महाराजांच्या दरबारी चित्रकार होते. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं बघून लोकांनी दिवाळी अंक विकत घेतले. मुळगावकरांची देवादिकांची चित्रं कॅलेंडरांवरून स्वयंपाकघरापर्यंत गेली. यातल्या प्रत्येक वेळी चित्रकार आणि बघणारा यांच्यामध्ये कुणीतरी उभं होतं: छापखाना, नाटक कंपनी, दरबार, प्रकाशक, कॅलेंडर काढणारा कारखानदार. ते मधलं माणूस चित्रकाराला पैसे देत होतं आणि आपले पैसे लोकांकडून वसूल करत होतं.

आज मधलं माणूस चित्रकाराकडूनच वसूल करतं. बदललं ते हे. मराठी माणसाची दानत बदललेली नाही, पैशाची दिशा बदलली आहे.

पैसे कुठून आणायचे?

आयोजकांचा पुढचा प्रश्न रास्त आहे. दालनाचं भाडं आहे, वीज आहे, छपाई आहे. स्पॉन्सर मिळत नाही. कुठून आणायचे?

जिथून फुलवाल्याचे आणता तिथून. माझं उत्तर उद्धट वाटेल, पण ते तेवढंच आहे. ज्या बजेटमध्ये फुलं, मांडव, साउंड आणि फ्लेक्स बसतात, त्यात कलाकाराचं मानधन ही पहिली ओळ असली पाहिजे. ती शेवटी लिहिली की उरलेल्या पैशांतून द्यायची वेळ येते आणि पैसे कधीच उरत नाहीत. मानधन देणं जमत नसेल तर निदान शुल्क घेऊ नका. दहा कलाकारांऐवजी चारच बोलवा. ट्रॉफ्या बंद करा. ट्रॉफी कुणाच्याही पोटात जात नाही.

मोठ्या पैशाचं म्हणाल तर त्याचाही रस्ता आपल्याच मुंबईत एका शास्त्रज्ञाने दाखवून ठेवला आहे. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेची कुलाब्याची इमारत उभी करताना खर्चाचा १ टक्का कलाकृतींवर खर्चायची परवानगी नेहरूंकडून मिळवली. फिजिक्सच्या संस्थेने हुसेन, गायतोंडे, आरा यांची चित्रं घेतली, तीही त्यांना कोटींचे भाव नव्हते तेव्हा. हुसेनचं मोठं भित्तिचित्र आजही त्या संस्थेत आहे. १९५२ साली उघडलेल्या जहांगीर आर्ट गॅलरीमागेही कावसजी जहांगीर यांची देणगी होती आणि ती मिळावी म्हणून खटपट करणाऱ्यांत चित्रकार हेब्बर यांच्यासोबत हेच भाभा होते.

आता माझ्या ऑफिसकडे बघा. तुमच्याही. हिंजवडी, खराडी, ऐरोली, कुठलंही काचेचं टॉवर घ्या. रिसेप्शनच्या भिंतीवर कारखान्यात छापलेलं कॅनव्हास प्रिंट असतं, बहुतेक वेळा परदेशी पुलाचं किंवा कधीही न पाहिलेल्या रानफुलांचं. मीटिंग रूमची नावं मात्र 'सिंहगड', 'राजगड', 'तोरणा'. त्या खोलीत सिंहगडाचं एक अस्सल जलरंग चित्र लावायला जेवढा खर्च येईल, त्याहून जास्त महिन्याला आमच्या मजल्यावर कॉफीच्या कागदी कपांवर होत असेल. महापालिकेच्या प्रत्येक नव्या इमारतीला, प्रत्येक आयटी पार्कला, प्रत्येक मेट्रो स्टेशनला एक टक्का लावा. नाही जमत? अर्धा टक्का लावा. मागणी तर करा. दोन मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांनी स्थानिक चित्रं घ्यायला सुरुवात केली तरी एका जिल्ह्यातल्या दहा-बारा पोरांचं वर्ष निघेल.

दुसरं उदाहरण बाहेरचं आहे, पण उपयोगी आहे. कॅनडातल्या चित्रकारांनी १९६८ साली कारफॅक नावाची संघटना काढली. त्यांचं म्हणणं होतं, संग्रहालय आमची चित्रं लावतं तेव्हा भिंतीला रंग देणाऱ्याला पैसे देतं, पहारेकऱ्याला देतं, मग आम्हाला का नाही? त्यांनी दरपत्रक तयार केलं, ते लावून धरलं आणि १९८८ साली तिथल्या कॉपीराइट कायद्यात प्रदर्शनाच्या मोबदल्याचा हक्क आला. वीस वर्षं लागली. सुरुवात एका दरपत्रकाने झाली होती. आपल्याकडे गवंड्याचा दर ठरलेला असतो, ढोल-ताशा पथकाची सुपारी ठरते, बँडवाल्याचा तासाचा दर ठरतो. एका शहरातल्या पन्नास चित्रकारांनी बसून प्रात्यक्षिकाचा, भिंतीच्या चौरस फुटाचा, कार्यशाळेचा किमान दर ठरवून जाहीर करायला कुणाची परवानगी लागत नाही.

'पॅशन असेल तर पैसे कशाला?'

हे वाक्य बहुधा पगार असलेला माणूस म्हणतो.

आमच्यातले बरेच जण ओपन सोर्समध्ये फुकट कोड लिहितात, मीही लिहितो. मग चित्रकाराने का लिहू नये, म्हणजे काढू नये? उत्तर असं आहे की माझ्या फुकट कोडवर माझं नाव राहतं, त्याचं लायसन्स मी निवडतो आणि महिन्याच्या शेवटी दुसरीकडून माझ्या खात्यात पगार येतो. मुख्य म्हणजे, तो कोड टाकायचे कुणी माझ्याकडून सहा हजार घेत नाही.

बहिणीच्या 'संधी' आजवर माझ्या पगारातून भागल्या. त्यामुळे हिंजवडीतली एक आयटी कंपनी महाराष्ट्राच्या चित्रकलेची मोठी आश्रयदाती आहे, फक्त तिला ते माहीत नाही. तिच्या वर्गात गडहिंग्लजकडचा एक मुलगा होता. फिगर ड्रॉइंगमध्ये वर्गात पहिला. बहीण आजही म्हणते, "त्याच्यासारखा हात आमच्यात कुणाचा नव्हता." त्याच्या घरी हिंजवडीतला भाऊ नव्हता, दोन एकर ऊस होता. दोन प्रदर्शनांची फी भरून झाली, तिसरी भरता आली नाही. आता तो फ्लेक्सच्या दुकानात आहे. नेत्यांच्या वाढदिवसाचे बॅनर करतो, चेहऱ्यावरचे डाग काढतो, मागे सूर्यकिरणं टाकतो.

मला राग येतो तो याचा. शुल्क घेणारी व्यवस्था गुणांची चाळणी लावत नाही, ऐपतीची लावते. आणि ज्यांना भरता आलं नाही ते 'मागे पडले' असं आपण म्हणतो. दरवर्षी लाखो मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसतात. 'ए' ग्रेड मिळाली तर दहावीला सात मार्क वाढतात, म्हणून आई-बाप डब्यासोबत पोस्टर कलरची पेटी देतात. ते सात मार्क संपले की त्या हाताचं पुढे काय होतं हे कुणी विचारत नाही. मधल्या मोठ्या पोकळीनंतर चित्रकलेची बातमी येते ती एकदम लिलावाची: २०२५च्या मार्चमध्ये हुसेनचं 'ग्रामयात्रा' न्यूयॉर्कमध्ये ११८ कोटींवर गेलं. सात मार्क आणि ११८ कोटी, यांच्या मधल्या जागेत महिना पंधरा-वीस हजार कमावून नुसतं चित्रकार म्हणून जगायचं असेल तर काय करावं, याचं उत्तर महाराष्ट्राकडे नाही.

आता आपण

तुम्ही हे फोनवर वाचताय, बहुधा मेट्रोत किंवा कॅबमध्ये. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माझ्यासारखा महिन्याला पगार येतो. म्हणून थोडं तुमच्याशी.

फेब्रुवारीत काळा घोड्याला आपण जातो. १९९९ पासून तो महोत्सव चालू आहे आणि गर्दी बघितली तर चित्रकलेला प्रेक्षक नाही असं कुणी म्हणणार नाही. इन्स्टॉलेशनसमोर फोटो काढायला रांग लागते. पण जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्या माणसासमोर रांग नसते, तिथे घासाघीस असते. चारशेची कॉफी निमूट पिणारा माणूस हजाराच्या स्केचला 'सहाशेला देणार का?' विचारतो.

मी काही मोठं मागत नाही. पुण्यात असाल तर बालगंधर्वच्या कलादालनात, घोले रोडच्या राजा रविवर्मा कलादालनात महिन्यातून एकदा डोकवा. कोल्हापुरात दसरा चौकात शाहू स्मारक भवन आहे, ठाण्यात कापूरबावडीला ठाणे कलाभवन आहे. प्रवेश बहुतेक ठिकाणी फुकट असतो, म्हणून निदान तासभर द्या. चित्रकार तिथेच खुर्चीवर बसलेला असतो, त्याला किंमत विचारा. किंमत विचारणं हा अपमान नाही. न विचारता 'छान आहे' म्हणून निघून जाणं हा जास्त मोठा अपमान आहे. वर्षाला एक चित्र घ्या. मोठं कॅनव्हास परवडत नसेल तर छोटं रेखाचित्र घ्या, प्रिंट घ्या. नव्या घराला लाखांचं फर्निचर करून भिंतीवर ऑनलाइन मागवलेला 'सात धावणारे घोडे' लावू नका. वास्तुशास्त्राला कोल्हापूरच्या चित्रकाराने काढलेले घोडेही चालतात.

सोसायटीत, मंडळात, ऑफिसात कार्यक्रम ठरत असेल आणि 'एक चित्रकार बोलवू' असं कुणी म्हणालं, तर मीटिंगमध्ये तोंड उघडून एवढंच विचारा: "त्यांना किती देणार आहोत?" हा प्रश्न दर वेळी एकाने जरी विचारला तरी पुष्कळ बदलेल.

आणि चित्रकार मित्रांनो, फॉर्म भरण्याआधी तुम्हीही काही प्रश्न विचारा. शुल्क आहे का, असेल तर त्यातून काय देणार? परीक्षक कोण, नाव सांगा. मागच्या वर्षी किती प्रवेशिका नाकारल्या? मागच्या प्रदर्शनात किती चित्रं विकली गेली? बघायला कुणाला बोलावणार आहात? उत्तर द्यायची टाळाटाळ झाली की तेच उत्तर समजा.

नियमावलीत 'प्रवेशिकेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील' अशी ओळ असते, ती वाचल्याशिवाय टिक करू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीनेच द्यावे लागतात. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरला जातो. चित्र विकलं, हक्क दिले, तरी कलम ५७ प्रमाणे त्यावर तुमचं नाव राहण्याचा आणि त्याची मोडतोड झाली तर दाद मागायचा हक्क तुमच्याकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारने काढून टाकलं. ते भांडले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारला शिल्प परत द्यायला लावलं, वर पाच लाखांची भरपाई. उद्या तुमच्या भिंतीवर कुणी पक्षाचा झेंडा रंगवला, तर हे कलम तुमच्या कामाचं आहे.

'नाही' म्हणायला भीती वाटते, मला माहीत आहे. आपण नाही म्हटलं तर दुसरं कुणीतरी जाईल, आयोजक नाराज होतील, पुढच्या वेळी बोलावणार नाहीत. पण ज्या बोलावण्याचे पैसे तुम्हालाच द्यायचे आहेत, ते न आल्याने तुमचं नुकसान काय होणार? बहिणीने या वर्षी सहभाग शुल्काचं प्रदर्शन घेतलं नाही. त्या पंधरा हजारांत तिने कागद, रंग आणला आणि घराच्या पुढच्या खोलीत तीन रविवार चित्रं मांडली. गल्लीतल्या लोकांना, शाळेतल्या बाईंना, दोन डॉक्टरांना, एका आर्किटेक्टला स्वतः फोन करून बोलावलं. पाच छोटी चित्रं गेली. आकडा फार मोठा नाही, पण या वेळी वहीच्या जमेच्या बाजूला काहीतरी लिहावं लागलं.